पाहा जरूर, पण बैठका मोजून मारा

रविवारी रात्री नऊ वाजले की आमच्या घरात कोणी मोबाईलला हात लावत नाही. टीव्हीवर लष्करी धाटणीच्या स्पर्धेचा कार्यक्रम लागतो. पहाटे चारला शिट्टी वाजते, झोपेतून उठवलेली धडधाकट माणसं थंडगार पाण्यात उड्या मारतात, पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढतात, तारेखालून कोपरांवर सरपटतात. प्रशिक्षक त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडतो. ज्याला झेपत नाही, तो दंडावरची पट्टी काढून त्याच्या हातात देतो आणि मान खाली घालून निघून जातो. माझी ब्याऐंशी वर्षांची आई दर वेळी म्हणते, "अरे, त्या लेकराला पाणी तरी द्या." बायको पैज लावते की आज कोण बाहेर पडणार. आणि मी, छप्पन्न वर्षांचा सरकारी डॉक्टर, मांडीवर भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी घेऊन त्या चिखलातल्या पोरांना सल्ले देत असतो.

मला हा कार्यक्रम आवडतो, हे आधीच कबूल करतो. कारण पुढे जे सांगणार आहे, ते वाचून कोणाला वाटेल की डॉक्टरांना दुसऱ्याची मजा बघवत नाही.

झालं असं, की अशाच एका रविवारनंतरच्या बुधवारी दुपारी इंदापूर तालुक्यातल्या एका गावातून एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याचे वडील मोटारसायकलवर मधे बसवून घेऊन आले. मागे चुलता धरून बसला होता. मुलाला पायरी चढता येत नव्हती. दोन्ही मांड्या फुगून टणक झाल्या होत्या, हात लावला तरी कळवळत होता. वडील म्हणाले, "साहेब, पडला नाही, झडला नाही. नुसत्या बैठका मारल्यात. पाय पार लाकडासारखं झाल्यात." मी मुलाला विचारलं, "लघवी कशी होते रे?" तो वडिलांकडे बघून गप्प बसला. वडिलांना बाहेर पाठवलं, तेव्हा हळूच म्हणाला, "कालपासून काळी होतीय, सर. कोऱ्या चहासारखी."

मग सगळं कळलं. रविवारचा तो भाग त्यानेही पाहिला होता. त्यात प्रशिक्षकाने स्पर्धकांना शिक्षा म्हणून बैठका मारायला लावल्या होत्या. सोमवारी संध्याकाळी मैदानावर सात मित्रांची पैज लागली, जो शेवटपर्यंत टिकेल तो खरा जवान. हा सहाशेपर्यंत गेला. जिंकला. मंगळवारी सकाळी त्याला उठता येईना. गावातल्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खाल्ल्या आणि लघवी काळी झाली तरी घरात सांगितलं नाही. पोलीस भरती तोंडावर होती. एवढ्या-तेवढ्यावर रडणारा तो पोलीस कसला, असं त्याला वाटलं.

तोच भाग मीही पाहिला होता. शेंगदाणे खात, "मार, मार अजून" म्हणत.

मांडीतलं मूत्रपिंडात

या आजाराचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, ऱ्हॅब्डोमायोलिसिस. सोप्या भाषेत सांगायचं तर स्नायू विरघळणं. स्नायूच्या पेशींवर त्यांच्या ताकदीबाहेरचा ताण आला की त्यांची आवरणं फाटतात आणि आतला माल रक्तात सांडतो. त्यात मायोग्लोबिन नावाचं तांबडं प्रथिन असतं. ते गाळण्याचं काम मूत्रपिंडावर पडतं. थोडं असेल तर निभावतं, पण फार असेल आणि अंगात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या तुंबतात, खराब होतात. लघवीचा काळपट तांबूस रंग हा या मायोग्लोबिनचा. तपासणीची पट्टी लघवीत बुडवली की 'रक्त आहे' असं दाखवते, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर तांबड्या पेशी नसतात. ही खूण दिसली की आमचे कान टवकारतात. पेशींतून पोटॅशियमही बाहेर पडतं आणि ते रक्तात फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस अचानक दगावू शकतो.

वैद्यकशास्त्राला हा प्रकार नीट उमगला तो युद्धातच. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी मूत्रपिंड बंद पडून मरत असल्याचं बायवॉटर्स आणि बील या दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलं. चिरडलेल्या स्नायूंमधलं रंगद्रव्य मूत्रपिंडाला मारत होतं. आमच्या मुलाच्या मांडीवर भिंत पडली नव्हती. त्याने ती स्वतःच्या हौसेने पाडून घेतली होती.

स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारं क्रिएटिन कायनेज एरवी साधारण दोनशेच्या आत असतं. याचं साठ हजारांच्या पुढे होतं. क्रिएटिनिनही वाढलेलं. सहा दिवस शिरेतून सलाईन, दर तासाला लघवीचं मोजमाप, रोज पोटॅशियमची तपासणी. डायलिसिसची वेळ आली नाही, ते त्याचं नशीब. आणखी दोन दिवस घरी गोळ्या खात बसला असता, तर मला हे इतक्या निवांतपणे लिहिता आलं नसतं. त्या दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधं, मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. अंगात पाणी कमी, स्नायू फुटलेले आणि वर ही गोळी, हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाचं काही खरं नसतं.

आजोबा हजार मारायचे

तिसऱ्या दिवशी वडिलांनी मला एक रास्त प्रश्न विचारला. "डॉक्टरसाहेब, आमचं आजोबा तालमीत हजार-हजार बैठका मारायचं. त्यांची लघवी कधी काळी झाली नाही. मग ह्यालाच कसं झालं? आताच्या खाण्यात दम राहिला नाही, दुसरं काय?"

खाण्याचा प्रश्न नाही. आजोबा पहिल्या दिवशी हजार मारत नव्हते. तालमीत नवं पोर आलं की वस्ताद त्याला वीस बैठकांवर ठेवायचा. आठ-पंधरा दिवसांनी तीस. मधे अंग दुखलं तर मालिश आणि विश्रांती. पोराने हौसेने जास्त मारल्या तर वस्तादाची काठी पडायची. हजारचा आकडा गाठायला वर्षं जायची. स्नायूला एकदा हलकी इजा झाली की तो स्वतःला दुरुस्त करताना पहिल्यापेक्षा मजबूत होतो आणि पुढच्या वेळी तेवढ्या ताणाने फाटत नाही. शरीरशास्त्राच्या पुस्तकात हे फार पुढे आलं, वस्तादाला ते अनुभवाने आधीच ठाऊक होतं.

बैठकीत आणखी एक मेख आहे. वर उठताना मांडीचा स्नायू आखडतो, पण खाली बसताना तोच स्नायू वजन पेलत लांब होत जातो. हे लांबत जाऊन पेलणं स्नायूला सर्वांत जास्त फाडतं. डोंगर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, त्याचं कारण हेच. आणि हा मुलगा काही लेचापेचा नव्हता. चार महिने रोज पहाटे धावत होता. त्याची छाती आणि दम तयार होता, पण बैठकांची सवय मांड्यांना नव्हती. दम असल्यामुळे तो थांबला नाही. कच्चा असता तर शंभरावरच धापा टाकत बसला असता आणि वाचला असता. असे रुग्ण पुष्कळदा धट्टेकट्टेच असतात, ते यामुळे.

पडद्यावर न दिसणारं

टीव्हीवरचे स्पर्धकही एवढं करतात, त्यांना का होत नाही? एक तर त्यांनाही होऊ शकतं. पण अशा कार्यक्रमांत घेण्याआधी स्पर्धकांची कसून तपासणी होते, चित्रीकरणाच्या जागी डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभी असते. कित्येक तासांचं चित्रीकरण कापून आपल्याला पाऊण तास दाखवतात. मधली विश्रांती, पाणी पिणं, पायाला पट्टी बांधणं कापलं जातं, कारण ते बघायला कोणाला आवडत नाही. उरतं ते ओरडणं, चिखल आणि दात-ओठ खाणारे चेहरे.

असे कार्यक्रम जगभर चालतात. ब्रिटनमध्ये तिथल्या एसएएस या कमांडो दलाच्या निवडीवर बेतलेला कार्यक्रम २०१५ पासून गाजतो आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये विद्युत जामवाल यांचा 'इंडियाज अल्टिमेट वॉरियर' आला होता. पण त्याच ब्रिटनमधली खरी घटना ऐका. जुलै २०१३ मध्ये वेल्समधल्या ब्रेकन बीकन्स डोंगरांत एसएएसच्या राखीव दलासाठी निवड चाचणी चालू होती. पाठीवर ओझं आणि सुमारे २५ किलोमीटरची चाल. त्या दिवशी तिथे ऊन होतं, पण आपण ज्याला ऊन म्हणतो तसं नव्हे, तापमान तिशीच्या आसपास. तरीही उष्माघाताने तीन जवान गेले. दोघे त्याच दिवशी, तिसरा दोन आठवड्यांनी रुग्णालयात. २०१५ मध्ये झालेल्या न्यायिक चौकशीत आयोजकांच्या निष्काळजीपणावर ठपका आला. जगातल्या नावाजलेल्या कमांडो दलाच्या देखरेखीखाली हे घडू शकतं, तर कालव्याच्या रस्त्यावर एकट्या धावणाऱ्या पोराचं काय?

कालव्याकडेची पहाट

बारामतीहून इंदापूरकडे पहाटे साडेपाचला निघालात तर रस्त्याच्या कडेने, कालव्याच्या भरावावर, शाळांच्या मैदानांवर मुलं-मुली धावताना दिसतात. पोलीस शिपाई पदासाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. शेजारच्या दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, त्या दलाच्या भरतीला पाच किलोमीटर धावावं लागतं. एका जागेमागे ढीगभर अर्ज, घरात दोन-तीन एकर ऊस आणि त्यावर कर्ज, वय निघून चाललेलं. टीव्हीवरच्या स्पर्धकाने पट्टी काढून दिली तर तो आपल्या घरी, आपल्या कामावर परत जातो. या मुलांना आपल्यामागे दुसरं काही नाही असं वाटत असतं, म्हणून ती छातीत कळ आली तरी थांबत नाहीत.

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवारांचा मृत्यू झाला. त्यानंतर धावण्याचं अंतर कमी करण्यात आलं. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवार दगावले. ही सगळी तरुण, तयारी करून आलेली मुलं.

तरुण माणूस धावताना कोसळतो, त्याची मुख्य कारणं दोन. पहिलं उष्माघात. धावताना स्नायू भट्टीसारखी उष्णता तयार करतात. घाम वाळला तरच ती बाहेर पडते. हवा दमट असेल, अंगात पाणी कमी असेल किंवा आदल्या दिवशीचा ताप असेल, तर शरीराचं तापमान ४० अंशांच्या पुढे जातं. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, चिडतो आणि पडतो. उष्माघातात घाम थांबतोच असं नाही. धावताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने चिंब असतं, त्यामुळे घाम येतोय म्हणजे काळजी नाही असं समजू नका.

दुसरं कारण हृदयाचं. काही जणांच्या हृदयाचा स्नायू जन्मजात कारणाने जाड असतो किंवा ठोक्यांची विद्युत यंत्रणा बिघडलेली असते. एरवी काहीच त्रास होत नाही. पण धावताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, किंवा घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलेलं असणं, यांपैकी एक जरी गोष्ट असेल तर धावण्याआधी ईसीजी काढून घ्या आणि डॉक्टरांनी सांगितलं तर टूडी इकोही. मुलींनी हिमोग्लोबिन तपासावंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. सात-आठ हिमोग्लोबिनवर पोरगी ८०० मीटर धावते आणि मागे पडली की स्वतःला आळशी म्हणते, असं मी पाहिलं आहे. तिला आधी लोहाच्या गोळ्या हव्यात, मग प्रशिक्षण.

सोफ्यावरच्यांसाठी

आता माझ्यासारख्या शेंगदाणेवाल्यांकडे येतो. बघण्यात मजा का येते? धोका दुसऱ्याचा आणि थरार आपला, म्हणून. आपल्या भागाला ही मजा नवी नाही. तुकोबांच्या पालखीत काटेवाडीला मेंढ्यांचं आणि बेलवाडीला गोल रिंगण होतं, तेव्हा धावणाऱ्या अश्वाबरोबर कडेला उभ्या असलेल्या हजारोंचा श्वास वर-खाली होतो. जत्रेतल्या कुस्तीत पैलवानाला चीत होताना पाहून बघणाऱ्याच्याच मुठी आवळल्या जातात. शरीर खेळत नसलं तरी ॲड्रेनालिन सुटतं, नाडी वाढते, आणि शेवटी सगळं पार पडलं की हायसं वाटतं. निरोगी माणसाला त्याचा काही अपाय नाही.

ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्यांनी मात्र सांभाळावं. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक परिसरातल्या रुग्णांचा अभ्यास झाला. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या तुलनेत २.६६ पट झाल्या होत्या. आधीपासून हृदयविकार असलेल्यांत धोका जास्त. म्हणून बीपीची गोळी सामन्यासाठी किंवा कार्यक्रमासाठी चुकवायची नाही, तंबाखूचा बार भरून बसायचं नाही आणि बघताना छाती दाटली तर 'गॅस झाला' म्हणून भाग संपेपर्यंत थांबायचं नाही.

आणि बघून चेव आलाच, तर तोही वाया घालवू नका. दुसऱ्या दिवशी अर्धा तास चाला. दहा बैठका मारा. पुढच्या आठवड्यात बारा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह-बीपी असलेल्यांनी जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी.

लक्षात ठेवा

व्यायाम हळूहळू वाढवा, आठवड्याला साधारण दहा टक्के हा ठोकताळा ठेवा. सुट्टीनंतर किंवा आजारपणानंतर पुन्हा कमीपासून सुरू करा. पैज लावून बैठका, सूर, दंड मारू नका.

उन्हात सराव करायचा असेल तर शरीराला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिले काही दिवस निम्माच सराव. ताप, जुलाब असताना धावू नका. तहान लागेल तसं पाणी प्या, लांब सराव असेल तर मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक.

धावणारा बरळायला लागला किंवा कोसळला तर हुंगायला कांदा शोधत बसू नका. सावलीत घ्या, जादा कपडे काढा आणि गार पाण्यात बसवा. गोठ्याजवळचा जनावरांचा हौद असेल तर मानेपर्यंत त्यात बसवून डोकं वर धरून ठेवा. हौद नसेल तर मोटारीचं पाणी सतत अंगावर सोडा आणि वारा घाला. एकाने १०८ ला फोन करावा. आधी थंड करा, मग हलवा. पहिला अर्धा तास जीव वाचवणारा असतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. श्वास बंद असेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

व्यायामानंतर चार दिवसांत लघवी चहासारखी झाली, कमी झाली किंवा स्नायू फुगून टणक झाले, तर त्याच दिवशी दवाखाना. दुखण्याची गोळी मनाने घ्यायची नाही.

तो मुलगा सहा आठवड्यांनी तपासणीला आला, तेव्हा स्वतःच्या पायांनी जिना चढून आला. सगळे रिपोर्ट चांगले होते. म्हणाला, "सर, आता किती मारू?" मी म्हणालो, "वीस." त्याचं तोंड उतरलं. "फक्त वीस? पोरं हसतील." वडील शेजारी बसले होते. ते म्हणाले, "हसू दे की. आजोबानं बी वीसच मारल्या होत्या पहिल्यांदा. डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय मला."

त्या वेळची भरती त्याची हुकली. पुढच्या भरतीची तयारी करतो आहे आणि दर महिन्याला किती बैठकांवर आला ते मला फोन करून सांगतो. रविवारी तो कार्यक्रम आम्ही दोघंही बघतो, तो त्याच्या गावात आणि मी माझ्या सोफ्यावर. स्पर्धक पट्टी काढून देतो तेव्हा आई अजूनही हळहळते. मी मात्र आता म्हणतो, "बरं झालं, वेळेत थांबला."